तळ्याकाठची गाडी कोणासाठी?

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली जाते. जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच, असा तिचा सरळ अर्थ. या म्हणीला आता एक उलटा अर्थ येऊ लागला आहे. पुण्या-मुंबईत, कुणी त्याहूनही दूर जाऊन, ज्यांचे खरोखरच ‘बनले’, ती मंडळी निवृत्तीच्या सुमारास परत परभणीकडे वळताना दिसतात. वडिलोपार्जित दहा-बारा एकर असतात, त्यातले दोन-चार एकर पाण्याच्या बाजूला असतात. तिथे चार खोल्या, पुढे पडवी, आंब्या-चिंचेची झाडे आणि सुटीत येणारी मुले-नातवंडे असे चित्र मनात असते. काही शेतकरी हेच चित्र व्यवसाय म्हणून पाहतात. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारल्यापासून शेतावर पाहुणे ठेवण्याच्या कल्पनेला बळ मिळाले आहे. आणि मग घर, विहीर, कुंपण यांच्या यादीत एके दिवशी एक नवीच वस्तू येऊन बसते, ती म्हणजे बॅटरीवर चालणारी, चारी बाजूंनी मोकळी, छत असलेली ‘गोल्फ कार्ट’.

गोल्फ कुठे आणि परभणी कुठे, असे म्हणून हसणे सोपे आहे. पण ही गाडी गोल्फचे मैदान सोडून केव्हाच बाहेर पडली आहे. मोठ्या रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर म्हाताऱ्याकोताऱ्यांना डब्यापर्यंत नेणारी गाडी याच जातीची. ताजमहालाच्या भोवती धुरामुळे संगमरवर काळवंडतो म्हणून पेट्रोल-डिझेलची वाहने दूर थांबवली जातात आणि पुढचे अंतर पर्यटक बॅटरीच्या गाडीतून जातात. आवाज नाही, धूर नाही, पायरी ठेंगणी, वेग बेताचा, असे हे वाहन आहे. तेव्हा प्रश्न गाडी घ्यावी की नाही एवढाच नाही. ती कोणासाठी घ्यायची हा पहिला प्रश्न आहे, आणि घेणारे बहुतेक जण नेमका तोच विसरतात. रंग कोणता, आसने किती, दिवे कसे, यावर घरात चार दिवस चर्चा होते. कोण बसणार, यावर चार मिनिटेही होत नाही.

‘तुम्ही या जाऊन’

कुठल्याही घरात पाहा. सुटीच्या दिवशी सगळे पाण्याकडे निघाले की एक माणूस मागे राहतो. ‘तुम्ही या जाऊन, मी बसते इथंच’ असे म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते. तिचे गुडघे गेलेले असतात. घरापासून पाणी अर्ध्या किलोमीटरवर असते, वाट उताराची असते, आणि जाताना उतार म्हणजे येताना चढ हे तिला पक्के ठाऊक असते. कुणाला अडवू नये, कुणावर ओझे होऊ नये, म्हणून ती पडवीत बसून राहते. ज्या जमिनीत तिने उभे आयुष्य खुरपणी केली, त्या जमिनीचे पाण्याकाठचे टोक तिला शेवटच्या दहा वर्षांत दिसतच नाही. तळ्याकाठची गाडी खरी तिच्यासाठी आहे. नुकतेच ऑपरेशन झालेल्या आजोबांसाठी आहे, दिवस गेलेल्या लेकीसाठी आहे, पोलिओने एक पाय अधू झालेल्या काकांसाठी आहे. धडधाकट माणसाने तळ्यापर्यंत चालावे. त्याचा त्यात फायदाच आहे.

एकदा हे ठरले की निवडीची निम्मी कामे आपोआप होतात. पायरी जमिनीपासून किती उंच आहे, हे मोजपट्टी लावून पाहिले जाते. बसताना-उठताना धरायला दांडी आहे का, आसनाला पाठ आणि हात आहेत का, हे पाहिले जाते. दिसायला रुबाबदार असलेली, उंच चाकांवर चढवलेली गाडी आपोआप यादीतून बाद होते. तिच्यात चढायला आजीला स्टूल लागेल. मागे तोंड करून बसायचे आसन मुलांना फार आवडते. पण गाडी झटक्यात निघाली की मूल थेट खाली पडण्याची भीती त्याच आसनाला सर्वांत जास्त. सगळी आसने समोर तोंड केलेली असावीत आणि त्यांना पट्टे असावेत. शक्य असेल तर आजीलाच दुकानात घेऊन जावे. विक्रेत्याच्या दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा तिचे एकदा चढणे-उतरणे जास्त सांगून जाईल.

आपले तळे हलते

या गाड्यांची चित्रे पाहावीत तर तळे काठोकाठ भरलेले, काठावर हिरवळ आणि मधून गुळगुळीत वाट असते. आपली तळी अशी नाहीत. परभणी जिल्ह्यातली मोठी पाणी म्हणजे धरणांची पाणी आहेत. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचे येलदरी, त्याच तालुक्यातले करपरा, गंगाखेडकडचे मासोळी, सेलूजवळचे निम्न दुधना ही त्यांतली ठळक नावे. येलदरीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले, त्याची भिंत चार किलोमीटरहून लांब आहे आणि पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजघर आहे. हे पाणी शेतीसाठी, पिण्यासाठी आणि विजेसाठी साठवलेले आहे. सहलीची शोभा हा त्याचा जोडधंदा. त्यामुळे ते जागेवर राहत नाही. दसऱ्याला कुंपणाशी आलेले पाणी मे महिन्यात पार दूर गेलेले असते, आणि मधल्या ओल्या पट्ट्यात गाळपेर झालेली असते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. पाण्याच्या बाबतीत मराठवाड्याने काय काय पाहिले आहे, हे गाडी घेतानाही विसरून चालणार नाही.

याचे दोन अर्थ होतात. एक, घरापासून पाणी किती दूर हे पावसाळ्यानंतर मोजून गाडी घेऊ नये. मे महिन्यात मोजावे. दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा. धरणासाठी संपादित केलेली जमीन पाणी हटले म्हणून आपली होत नाही. ती सरकारची असते. तिच्यावर कुणाला गाळपेरीचा पट्टा मिळालेला असतो, तिथून गुरे पाण्यावर जातात, तिथे मच्छिमारांच्या होड्या ओढलेल्या असतात. आपल्या गाडीची चाके तिथे उतरवून पाहुण्यांना ‘आमचा किनारा’ म्हणून दाखवणे बरोबर नाही. आपली वाट आपल्या हद्दीत संपली पाहिजे. तिथे एखाद्या झाडाखाली पार बांधावा आणि आजीने तिथून पाणी पाहावे. गाडी पाण्याच्या अगदी कडेला नेण्याचे कारणच नाही. ओली कड खचते, आणि उघड्या गाडीला दारे नसतात.

वाटेचेही तसेच. आपली काळी जमीन कापसाला-सोयाबीनला सोन्यासारखी. पण पाऊस पडला की चिकटते आणि उन्हाळ्यात फाटते. गोल्फची गाडी कापलेल्या हिरवळीसाठी बनलेली असते. तिची चाके लहान आणि पोट जमिनीजवळ. आषाढातल्या काळ्या रानात ती पहिल्याच दिवशी रुतेल. तेव्हा आधी मुरूम टाकून, दाबून, दोन्ही अंगांनी पाणी निघून जाईल अशी वाट करावी आणि मग गाडीचा विचार करावा. गाडीला लाखो रुपये आणि वाटेला शून्य, असा हिशेब करणाऱ्याची गाडी चार महिने ताडपत्रीखाली झाकलेली दिसते.

चढ, ऊन आणि वीज

वाट ठरली की तिचा चढ मोजावा. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन पातळी पाहतो, तीच पुरते. शंभर फूट वाटेत जमीन किती फूट चढते, हा आकडा घेऊन विक्रेत्याकडे जावे आणि ‘सगळी आसने भरलेली असताना एवढा चढ ही गाडी चढेल का’, असे विचारावे. दोनच माणसे बसवून सपाट रस्त्यावर मारलेल्या चकरीला अर्थ नाही. चढण्याहून उतरणे जोखमीचे. पुष्कळ गोल्फ गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. पाण्याकडे उतरणाऱ्या वाटेवर चारही चाकांना ब्रेक असलेली, उतारावर मोटर स्वतःच वेग रोखून धरेल अशी गाडी घ्यावी. उभी करताना लागणारा हातब्रेक पूर्ण भार घालून उतारावरच तपासावा. हा खर्च वाचवण्याची जागा नव्हे.

पुढचा प्रश्न बॅटरीचा. घराघरात इन्व्हर्टर आल्यापासून बॅटरी म्हणजे काय हे आपल्या गृहिणींना विक्रेत्यापेक्षा जास्त कळते. तिचे पाणी पाहावे लागते, ती पूर्ण उतरू देऊ नये, उन्हात ठेवू नये. या गाडीचेही नियम तेच आहेत, फक्त बॅटऱ्या सहा-आठ असतात. समजा, गाडी ४८ व्होल्टची आणि बॅटरी १५० अँपिअर-अवरची आहे. दोहोंचा गुणाकार ७,२००, म्हणजे सुमारे ७ युनिट वीज तिच्यात मावते. शिशाच्या बॅटरीतली निम्मी वीज वापरून पुन्हा भरली तर ती टिकते; रोज तळ गाठला तर लवकर संपते. म्हणून कागदावरच्या किलोमीटरांचे निम्मे धरावेत आणि तेवढ्यात आपले काम भागते का ते पाहावे. घर ते तळे अशा दहा-बारा खेपांना ते सहज पुरतात.

खरी परीक्षा उन्हाची. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते, आणि त्यावर दर १० अंशांना ते साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे. परभणीत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही वर. दुसऱ्या कुठल्या थंड शहरात पाच वर्षे टिकलेली बॅटरी आपल्याकडे तेवढी टिकेल, ही अपेक्षा धरू नये. लिथियमची बॅटरी महाग असते. पण ती हलकी असते, तिला पाणी घालावे लागत नाही आणि तिची चार्जिंगची आवर्तने कितीतरी जास्त असतात. गाडी रोज चालणार असेल तर तिचा जादा पैसा वसूल होतो. दिवाळी आणि मे महिना एवढीच वापरायची असेल तर साधी बॅटरी बरी, मात्र मधल्या महिन्यांत तिला विसरून चालत नाही. ठेवायला पत्र्यापेक्षा कुडाचे किंवा कौलारू छप्पर उत्तम, तेही मोकळ्या हवेचे. कारण शिशाच्या बॅटऱ्या भरताना पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. बंद खोलीत, देवघराच्या भिंतीला लागून गाडी चार्जिंगला लावू नये.

वीज कुठून घेणार, हेही आधी ठरवावे. पंपासाठी सवलतीत मिळालेली वीज पाहुण्यांच्या गाडीला लावणे योग्य नाही. घराचे किंवा व्यवसायाचे वेगळे मीटर असावे. आपल्याकडे ऊन फुकट आहे. छपरावर दोन किलोवॉटच्या सौर पट्ट्या बसवल्या तर स्वच्छ दिवशी आठेक युनिट मिळतात, म्हणजे गाडीचे भागून घरालाही उरते. ज्या उन्हाने बॅटरी खराब होते त्याच उन्हाने ती भरून घ्यावी, हे व्यवहाराला धरून आहे.

जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी एकच पथ्य पाळावे. रंग आणि गादी न पाहता बॅटरीवर छापलेली तारीख पाहावी. गाडीची निम्मी किंमत तिथे असते. आणि दुरुस्तीला माणूस कुठून येणार, हे नाव-गावासह विचारून घ्यावे. जिंतूरच्या गाडीला मेकॅनिक मुंबईहून येणार असेल तर ती गाडी नव्हे, शोभेची वस्तू.

बैलगाडी, ई-रिक्षा की ही?

इथे कुणी म्हणेल, आपल्याकडे बैलगाडी होती की! होती आणि आहेही. लाल कंधारी बैलांची जोडी आणि दमणी ज्याच्या दारात आहे, त्याने पाहुण्यांसाठी दुसरे काही आणू नये. गंमत अशी की शहरातून आलेल्या नातवंडांना बैलगाडीच हवी असते. आयुष्यभर गचके खाल्लेल्या आजीला मात्र आता गादीची गाडी हवी असते. दोघांचेही बरोबर आहे. पण बैल म्हणजे बारा महिन्यांचा चारा, पाणी आणि माया. वर्षातून वीस दिवसांच्या हौसेसाठी मुके जनावर दावणीला बांधून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

ई-रिक्षा हा दुसरा पर्याय. तिला २०१४-१५ पासून कायद्यात जागा मिळाली आहे. चार प्रवासी आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा. ती नोंदवता येते, रस्त्यावर नेता येते, एस.टी.च्या थांब्यावरून पाहुण्याला आणता येते आणि किंमतही कमी. गोल्फच्या गाडीचे तसे नाही. बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन मोटार वाहन कायदा ‘मोटार वाहना’त धरत नाही, म्हणजेच ती आवाराबाहेर गावरस्त्यावर काढायची नसते. मात्र तीन चाकांची रिक्षा आडव्या उतारावर कलंडू शकते. सपाट जमीन आणि बाहेरची ये-जा असेल तर ई-रिक्षा घ्यावी. उताराची खासगी वाट असेल तर चार चाकांची गाडी. आणि गाडीच घ्यायची तर मागे छोटा हौदा असलेली घ्यावी. सकाळी तीत दुधाच्या कॅन आणि गवताचे भारे जातील, डोक्यावरून भारे वाहणाऱ्या घरच्या बाईची मान वाचेल. शेतावरच्या वाहनाने रोज काम करावे, मग रविवारी मिरवावे.

माथेरानने काय शिकवले

शेवटचा प्रश्न, गाडी कोणाच्या हाती द्यायची? याचे उत्तर शोधायला आपल्याच राज्यातल्या माथेरानकडे पाहावे. तिथेही शार्लोट नावाचे तळे आहे, आणि मोटारींना बंदी असल्यामुळे ज्यांना चालवत नाही त्यांनी जायचे कसे, हा प्रश्न तिथे जुना आहे. घोडा होता, आणि माणसाने ओढायची हातरिक्षा होती. लाल मातीच्या चढावर माणूस माणसाला ओढत नेत होता. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये तिथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. शाळकरी मुलांना आणि वृद्धांना त्या वरदानासारख्या वाटल्या. घोडेवाल्यांनी विरोध केला, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्नही खोटा नव्हता. पण वाद सर्वांत जास्त रंगला तो गाडीवरून नव्हे, गाडी चालवायची कोणी यावरून. ज्यांनी वर्षानुवर्षे हातरिक्षा ओढली त्यांच्या हाती ती द्यायची, की एखाद्या ठेकेदाराच्या? न्यायालयाने रिक्षा ओढणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करा, गुजरातेतल्या केवडियाप्रमाणे ई-रिक्षांची योजना करा आणि पैसा नाही ही सबब सांगू नका, असे बजावले. माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेशी विसंगत आहे, हे त्यामागचे सूत्र होते.

आपल्या शिवारातली एक गाडी हे माथेरान नव्हे, हे खरे. पण धडा तोच आहे. आपल्या तळ्याकाठी जमीन घेतली गेली तेव्हा गावातल्या कुणाचे तरी बांध गेले आहेत, कुणाच्या तरी गुरांची वाट बंद झाली आहे. गाडी चालवायला बाहेरून गणवेशातला माणूस आणण्यापेक्षा गावातल्याच एखाद्या मुलीला किंवा तरुणाला शिकवावे, ठरलेला पगार द्यावा, बॅटरीची निगा शिकवावी. गावातली एखादी म्हातारी पाण्याकडे निघाली असेल तर तिच्यासाठी गाडी थांबली पाहिजे, हेही त्याला सांगून ठेवावे. आणि घरच्या पोरांच्या हाती किल्ली देऊ नये. ताशी वीस किलोमीटर हा वेग ऐकायला थोडा वाटतो. उताराच्या वळणावर, उघड्या गाडीत, पाण्याकडे तोंड असताना तो मुळीच थोडा नसतो.

ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी अवश्य घ्यावी. कष्टाच्या पैशाने घरच्यांना सुख द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र आधी मे महिन्यात वाट चालून पाहावी, नळी लावून चढ मोजावा, मुरूम टाकावा, छप्पर घालावे, चालवणारा शोधावा, आणि सर्वांत शेवटी दुकानाची पायरी चढावी. एवढे केल्यावर कदाचित असेही लक्षात येईल, की वाट नीट झाली, मध्ये दोन ठिकाणी बाक टाकले आणि एका अंगाला धरायला कठडा केला, तर आजी सावकाश चालतही तळ्यापर्यंत जाऊ शकते. तसे झाले तर गाडीचे पैसे वाचले. नाही झाले तर गाडी घ्यावी. पण तिच्यातली पुढची जागा आजीची, हे नातवंडांना आधीच सांगून ठेवावे.